पाचव्या दिवसाचं धुणं

म्हातारी तिबुर्सिया गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी गावचं पाणी वाटणारा पाटकरी मेलितोन सांत्वनाला आला, मक्याच्या आंबवलेल्या चिचाच्या दोन वाट्या प्याला, डोळे पुसले आणि उठता उठता घराची पाण्याची पाळी काढून घेऊन गेला.

असली कामं सायवापाता गावात गोड बोलूनच होतात. मेलितोन चुलीपाशी मेंढीच्या कातड्यावर ऐसपैस बसला होता. त्याच्या पायांशी गिनीपिग चुंईचुंई करत हिरवा चारा कुरतडत होते. म्हातारीचं अंथरूण कोपऱ्यात गुंडाळून ठेवलं होतं, त्याच्याकडे बघून त्याने लांब सुस्कारा टाकला.

“मोठी बाई गेली,” तो म्हणाला. “आता असली माणसं व्हायची न्हाईत. परवाच्या पाळीचं मातुर तुमी मनात धरू नका हां. ती क्लेतो घेईल.”

क्लेतो हा त्याचा मेव्हणा. त्याचं रान यांच्या रानाला लागूनच, एका बांधापलीकडे; पाटावर त्याचं दार यांच्या आधीचं.

सातुर्निना चुलीत फुंकर घालत होती, ती तशीच थांबली. आईच्या दुखवट्यात तिने केस मोकळे सोडले होते आणि त्यांत राख उडाली होती.

“पाळी आमची हाय, तायता,” ती म्हणाली. वडीलधाऱ्या पुरुषाला इथे तायता म्हणतात.

“म्हातारीची व्हती, पोरी. म्हातारी गेली, पाळी गावाकडं परत आली. बाईमाणसाच्या नावावर पाळी ठेवायची न्हाई, ही आपली जुनी रीत.”

“मग आईला कुणी दिली व्हती?”

“तिला कोण देतंय?” मेलितोन हसला. “तिनं घेतली.”

“मग आमीबी घेऊ.”

“कोण घेणार? ह्यो?” मेलितोनने हनुवटीनेच दाराकडे खूण केली. दाराशी नेमेसियो दोरी वळत बसला होता. “जावईबापू पडले नदीपलीकडचे. बारा वर्सं झाली, पर पाटाच्या कामाला गावानं त्यांचं नाव घेतलं व्हय कधी? घरजावयाला घरात जेवायला मिळतं, तेवढं बास झालं की.”

नेमेसियोने हातातली दोरी उजेडात धरली. दोरीचा पीळ चुकला होता, तो त्याने उलगडला आणि पुन्हा वळायला घेतला. मेलितोन गेल्यावर सातुर्निनाने त्याची वाटी उचलून अंगणात आपटली, तरी हा वळतच राहिला.

बोलण्यासारखं काय होतं? नोव्हेंबर निम्मा सरला होता, इथे पाऊस लागायचे दिवस, आणि आभाळात ढगाचं चिरगूटही नव्हतं. सप्टेंबरात पाटाच्या पाण्यावर टोकलेला मका गुडघ्याएवढा येऊन अडला होता. पाट वरच्या ओढ्यावरून निघायचा, डोंगराच्या कमरेने वळत यायचा, आणि त्याच्या शेपटाला, रानोरानी पाणी वळवणारी बावीस दारं ओलांडल्यावर, तिबुर्सियाचं रान. शेपटाच्या माणसाला पाळी असली तरी पाणी मिळेलच असं नसतं. वरचा प्रत्येक जण आपल्या दाराचं एखादं ढेकूळ हळूच सरकवून ठेवतो आणि वर तोंड करून म्हणतो, उंदरांनी बीळ पाडलं. म्हणून म्हातारी पाळीच्या दिवशी फावडं खांद्यावर टाकून बावीस दारांवरून सारखी खालीवर करायची. जिथे ढेकूळ सरकलेलं दिसेल तिथे थांबायची, त्या घरच्या दोन पायांच्या उंदराचं नाव मोठ्याने घ्यायची आणि दार लिंपायची. नवरा गेला तेव्हा सातुर्निना अंगावर पीत होती. तेव्हापासून एकोणतीस वर्षं तिने एक पाळी चुकवली नव्हती. शेवटची पाळीही तिने अशीच धरली, ओल्या पायांनी, बोचऱ्या वाऱ्यात. घरी आली ती खोकतच. दहा दिवस अंथरुणावर होती, अकराव्या दिवशी ती नव्हती.

पाळी पंधरा दिवसांनी येते. आता ती नेमकी मातीच्या पाचव्या दिवशी येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं रानात गेली. मक्याची पानं सुरळी करून उभी होती. नेमेसियोने एका ताटाच्या बुडाशी बोटं खुपसली. कोरडी माती, त्याखाली कोरडी माती, आणि कोपरभर आत गेल्यावर कुठे जराशी गार. त्याने ती चिमूट सातुर्निनाच्या तळहातावर ठेवली. तिने ती चुरली आणि खाली टाकली.

“ही पाळी चुकली तर?” तिने विचारलं.

“पुढच्या पाळीला भिजवायला काय उरायचं न्हाई.”

ते दोघांनाही ठाऊक होतं. तरी विचारलं आणि सांगितलं. मग दोघं मातीची भर द्यायला लागली. ऊन चढलं तशी फावड्याच्या दांड्याला हात चिकटायला लागले. सातुर्निना मध्येच ओणव्याने रडायची, पण हात थांबवायची नाही. नेमेसियो तिच्या पुढे एक सरी राहिला, म्हणजे तिला कुणी बघतंय असं वाटायला नको.

दुपारी तो तिला न सांगता मेलितोनकडे गेला.

मेलितोन अंगणात मातीच्या विटा पाडून घेत होता. नेमेसियोने टोपी काढून हातात धरली. “तायता, जरा बोलायचं व्हतं.”

“बोलू की. आधी तेवढा गारा तुडवून घे. गडी आला न्हाई आज.”

नेमेसियोने पायजमा वर खोचला आणि चिखलात उतरला. गवत मिसळलेला तो गारा थंड आणि जड. तो तुडवून झाला तेव्हा मेलितोनने साचे दाखवले. साचे भरून झाले तेव्हा वाळलेल्या विटा भिंतीकडेला रचायच्या होत्या. उन्हं कलली. मेलितोनची बायको रुफिना हिने उकडलेल्या बटाट्यांचं ताट उंबऱ्याच्या बाहेर ठेवलं. कुत्रं आलं, त्याला तिने हाकललं नाही. नेमेसियोने दोन बटाटे खाल्ले आणि उरलेले कुत्र्याने.

“तायता, ते पाण्याचं...”

“पाण्याचं सांगून झालं की काल,” मेलितोन म्हणाला. “तू पावन्यासारखा आलास, कामाला हात लावलास, खाल्लंस. आता पाण्याचं कशाला मधी आणतोस?”

घरी परतताना नेमेसियोने टोपी हातातच धरली होती. त्याला राहून राहून सासूच आठवत होती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्याने या मेलितोनपुढे अशीच टोपी काढली होती. म्हातारीने चार माणसांत त्याच्या हातातली टोपी हिसकावली आणि त्याच्या डोक्यावर कानापर्यंत ओढून बसवली. “ऊन लागू नये म्हणून दिलीय ती,” म्हणाली. “मेलितोन म्हंजी काय चर्च हाय व्हय?” गाव हसलं होतं. नेमेसियो महिनाभर तिच्याशी बोलला नव्हता. तीही बोलली नाही, पण रोज ताटात त्याला मांसाचा तुकडा मोठा वाढायची. नदीपलीकडे त्याला स्वतःची आई अशी नव्हतीच. ती त्याला जन्म देतानाच गेली होती. हे तो कधी कुणाला बोलला नव्हता, आणि तिबुर्सियाने कधी विचारलं नव्हतं.

सातुर्निनाने त्याच्या पोटऱ्यांवरचा वाळलेला गारा पाहिला आणि सगळं ओळखलं.

“कुणाच्या घरच्या विटा पाडून आलास?”

तो खाली बसून पोटऱ्या खरवडायला लागला.

“आईच्या मातीला चार दिस न्हाई झाले, आन् तू त्यांच्या दारात...” तिने पाण्याचं मडकं त्याच्यापुढे आदळलं. “धू ते पाय. आईच्या घरात तसला चिखल नको.”

पाचवा दिवस उजाडला. पाचव्या दिवशी मेलेल्या माणसाचे कपडे वाहत्या पाण्यात धुवायचे, आणि ते जावयाने धुवायचे, ही रीत. रक्ताच्या माणसाने, म्हणजे लेकीने किंवा लेकाने, त्या पाण्याला शिवायचं नसतं. आईबापाची ओढ त्या पाण्यात असते आणि ती लेकराला धरून नेते म्हणतात. परक्यांनी तर ते अंगावर किंवा रानात येऊच द्यायचं नाही. म्हणून धुणं होतं ते गावाच्या पार खाली, नदीवर. तिथलं पाणी कुणाच्या रानात जात नाही, कुणाचं जनावर पीत नाही.

शेजारची म्हातारी गाबिना या कामातली जाणती. आदल्या रात्री तिने नेमेसियोला एकेक रीत समजावून सांगितली होती. तिने गाठोडं बांधून दिलं, वर मेलेल्याला वाहायची कोकाची पानं ठेवली, आणि फेस देणाऱ्या मुळ्यांची जुडी नेमेसियोच्या खांद्याला अडकवली. गाठोडं जड होतं. सात लोकरी घागरे, चार पोलकी, दोन शाली, एक पांघरूण. पुढे गाबिना, मागे नेमेसियो, त्याच्या मागे सातुर्निना आणि पाच-सहा बायाबापड्या. सातुर्निना रिकाम्या हाताने आली नव्हती. तिच्या हातात फावडं होतं.

“ते कशाला गं?” गाबिना म्हणाली.

“असू दे.”

नदीवर उतरायची वाट आधी गावाच्या वरच्या अंगाला चढून, पाटावरच्या दगडी साकवावरून वळसा घेऊन जायची. पहिलं दार तिथेच होतं. समोरच्या कड्यावरून उतरत आलेलं ऊन आत्ताच चर्चच्या पायरीला लागलं होतं. म्हणजे पाळी सुरू झाली. इथून मनोऱ्याची सावली नाहीशी होईपर्यंत पाट तिबुर्सियाचा असायचा, एकोणतीस वर्षं. आज साकवाशी मेलितोन उभा होता आणि त्याच्या शेजारी फावडं घेतलेला क्लेतो. पाटात मांडीएवढं पाणी खळखळत होतं.

“या, या,” मेलितोनने टोपीला हात लावला. “जा सावकाश. नदीला लई गार असंल आज.”

क्लेतो लगबगीने खाली निघाला, आपलं दार उघडायला.

नेमेसियो साकवावर थांबला. त्याच्या मागे बायका थांबल्या. पाण्याकडे बघत तो इतका वेळ उभा राहिला की गाबिनाने वळून हाक मारली. “चल की रं लेकरा, काय झालं?”

त्याने खांद्यावरचं गाठोडं काठावर ठेवलं, सोडलं, सगळ्यात वरचा निळा घागरा उचलला आणि पाटात उतरला. गाबिनाला काय होतंय ते कळायच्या आत त्याने घागरा पाण्यात बुडवला.

“अरं देवा!” गाबिना ओरडली. “पाटात? अरं, हे रानाचं पाणी हाय!”

“वाहतं पाणी पायजे ना, आजी? हे वाहतंय.”

“काढ, काढ ते भाईर!”

“आता कसं काढू? पहिला कपडा जिथं भिजला तिथंच समदं धुणं पुरं करायचं, तूच सांगितलंस काल.”

गाबिनाने तोंडावर शालीचं टोक धरलं. ते खरंच होतं. अर्धं धुणं उचलून दुसऱ्या पाण्यात नेलं तर मेलेलं माणूस वाटेत अडकतं, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. ती काठावर खाली बसली आणि कोकाची पानं पुटपुटत पाण्यात सोडायला लागली.

मेलितोनचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. “ये भाईर! भाईर ये म्हंतो ना!”

“या की तायता, उतरा,” नेमेसियो म्हणाला. “वढा मला भाईर. हिथं मांडीपतूरच हाय पाणी.”

मेलितोन दोन पावलं पुढे आला आणि पाण्यापासून हातभर अंतरावर थांबला. निळ्या घागऱ्यावरून काळसर, धुराचा वास येणारं पाणी सुटून त्याच्या वहाणांच्या अगदी जवळून वाहत होतं. तो मागे सरकला. मग खालच्या बाजूला हात नाचवत धावला. “दारं लावा! ए, दारं लावा! म्हातारीचं धुणं पाटात चाललंय!”

सायवापातात एवढी घाई कुणी कधी पाहिली नव्हती. माणसं फावडी घेऊन धावली, बायका गवताची ढेकळं कवटाळून धावल्या. एकोणतीस वर्षं ज्या दारांना उंदीर बिळं पाडत होते ती सगळी दारं घटकाभरात अशी लिंपली गेली की थेंब गळेना. क्लेतोने नुकतंच उघडलेलं दार अंगावरच्या लोकरी पोंचोचा बोळा करून बंद केलं. रुफिनाने आपल्या दारात ढेकूळ बसवलं, वर क्रूस काढला आणि त्याच्यावर बसूनच राहिली.

सातुर्निनाने हे सगळं साकवावरून पाहिलं. आता पाण्याला एकच वाट उरली होती, शेपटाच्या रानाची. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. बारा वर्षांत असं पाहिलं नव्हतं. तिने घागरा कमरेला खोचला आणि फावडं घेऊन पाटाच्या कडेने रानाकडे पळत सुटली.

नेमेसियो धूत राहिला. बर्फाळ डोंगरातलं पाणी, पोटऱ्या आधी दुखल्या, मग बधिर झाल्या. मुळ्या दगडावर ठेचून त्याने फेस काढला. लोकरी घागरा भिजल्यावर माणसाएवढा जड होतो. तो उचलायचा, दगडावर घालायचा, तुडवायचा, पुन्हा बुडवायचा. तिसऱ्या घागऱ्याच्या काठाला जळल्याची भोकं होती. चूल विझली की म्हातारी शेजाऱ्याकडून निखारे घागऱ्याच्या ओच्यात आणायची, फुंकत फुंकत. एका पोलक्याच्या खिशात चघळायची कोकाची सुकलेली पानं निघाली आणि अर्ध्या कणसाचे भाजलेले दाणे. शेवटच्या पाळीला शिदोरी म्हणून घेतलेले. खाल्ले नव्हते. त्याने ते दाणे हातात धरले आणि तेवढा वेळ त्याला धुता येईना. तो मोठ्याने रडला, गावाच्या देखत, गळ्यातून आवाज काढून. जावई सासूसाठी असा रडत नाही. काठावरच्या बायका त्याच्याबरोबर रडायला लागल्या.

मेलितोन परत आला तेव्हा नेमेसियो पाचव्या घागऱ्यावर होता.

“झालं का न्हाई अजून?”

“अजून दोन हायेत, तायता. मग शाली, मग पांघरूण.”

“एकेक घागरा किती वेळा धुशील?”

“मळ जुना हाय. एकोणतीस वर्सं पाटावर फिरली बाई. गावानं उडवलेला चिखल हाय समदा, लवकर निघत न्हाई.”

काठावर कुणीतरी खुदकन हसलं. मेलितोनने वळून बघितलं, तर सगळ्यांचे चेहरे दुखवट्याचे. तो दात खाऊन म्हणाला, “आज म्हातारीच्या चिंध्यांनी भागलं. पंधरा दिसांनी काय धुशील?”

नेमेसियोने घागरा पिळला. “पंधरा दिसांनी काय धुवायचं न्हाई. फावडं घेऊन हिथंच उभा राहीन. तवा पाणी साधं असंल, तवा तुमाला उतराया भीती न्हाई. उतरा मग.”

“तू नदीपलीकडचा...”

“नदीपलीकडचा तर नदीपलीकडचा. सासूचं धुणं धुवायला मी गावाला चालतो, मग पाटाला का न्हाई चालत? इच्यारा की हितं समद्यांना.”

गाबिना बसल्या जागेवरून म्हणाली, “चालतो, चालतो. न चालायला काय झालं?” दोन बायकांनी माना हलवल्या. त्या माना मेलितोनने मोजल्या असाव्यात, कारण त्यानंतर तो माघारी वळला. साकवाच्या दगडावर बसून राहिला.

मनोऱ्याची सावली आखडत आखडत भिंतीला मिळाली. नेमेसियोने पांघरूण शेवटचं खळबळून वर काढलं आणि पाटातून बाहेर आला. एक कपडाही उरला नव्हता आणि एक क्षणही जास्त घेतला नव्हता. “पाळी संपली,” तो म्हणाला. त्याने टोपी झटकली, डोक्यावर ठेवली. बायका काठ्यांनी ओले कपडे झुडपांवर पसरायला लागल्या. त्याला चालता येत नव्हतं, पाय कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे पडत होते. तसाच पाटाच्या कडेने तो रानाकडे निघाला. वाटेत माणसं आपापल्या बंद दारांवर उभी होती. क्लेतो, ओला पोंचो लांब काठीने धरून, म्हणाला, “लई केलंस, जावई.” शिवी होती की आणखी काही, ते त्याच्या आवाजावरून समजेना.

रान दिसलं तेव्हा नेमेसियो थबकला. अर्ध्याहून जास्त सऱ्या भरल्या होत्या. माती काळी झाली होती आणि मक्याची पानं हळूहळू सुरळी सोडत होती. त्या पाण्यात, ज्याला लेकीने शिवायचं नसतं, त्या पाण्यात सातुर्निना गुडघ्यापर्यंत उभी होती. अनवाणी. मोकळे केस ओले होऊन तोंडाला चिकटले होते. फावड्याने एक सरी बंद करत होती, दुसरी उघडत होती, आणि बोलत होती. एकटीच, दम लागलेल्या मोठ्या आवाजात.

“सातु! भाईर ये!” तो ओरडला. “ते पाणी...”

तिने मान वर केली. “माझी आई हाय ती,” ती म्हणाली. “गाव भिईल. मी कशाला भिऊ?”

आणि पुन्हा वाकली. पाणी सरीच्या टोकाला जाऊन बांधाच्या फटीतून पलीकडे पाझरायला लागलं होतं. सातुर्निनाने ते पाहिलं आणि फावडं घेऊन तिकडे धावली. “तिकडं कुठं चाललीस, आई? तिकडं क्लेतोचं हाय. इकडं ये. इकडं, आपल्या घरात ये.”

नेमेसियोने वहाणा काढल्या, बांधावरून खाली उतरला आणि हातांनीच चिखल भरून ती फट बुजवायला लागला.